वाढदिवस आणि चित्रपुस्तक

मुलाचा चौथा-पाचवा वाढदिवस आठ दिवसांवर आला की अलीकडे पुष्कळ घरांत एक नवा प्रश्न उपस्थित होतो : यंदाचा समारंभ कशावर बेतावयाचा? पूर्वी हा प्रश्न नव्हता. सकाळी न्हाऊ घालणे, पाटावर बसवून औक्षण करणे, देवाला व वडीलधाऱ्यांना नमस्कार आणि जेवणात एखादे पक्वान्न, एवढ्यावर दिवस साजरा होत असे. आता मुलाच्या आवडीचे एखादे चित्रपुस्तक निवडतात आणि सारा सोहळा त्याच्याभोवती रचतात. एरिक कार्ल यांचा खादाड सुरवंट भिंतीवर चढतो, केकवर बसतो, फुग्यांच्या माळेतून वळवळतो आणि पाहुण्या मुलांना निघताना मिळणाऱ्या पिशवीवरही विराजमान होतो. दिवेलागणीनंतर मंडळी पांगतात. ज्या पुस्तकाने हे सारे घडविले ते मात्र कपाटातून बाहेरही आलेले नसते, असे पुष्कळदा घडते.

ही चाल आजकालची वाटते खरी. परंतु वाढदिवस आणि चित्रपुस्तक यांचे नाते बरेच जुने आहे. ते कसे जुळले हे पाहिले म्हणजे अशा समारंभात काय राखावे आणि काय सोडून दिले तरी चालेल, याचा उलगडा आपोआप होतो.

प्रथम वाढदिवसाकडे पाहू. युरोपातील कॅथॉलिक प्रदेशांत जन्मदिवसापेक्षा ज्या संताचे नाव मुलाला ठेवले असेल त्या संताच्या दिवसाला अधिक मान असे. जर्मन भाषा बोलणाऱ्या प्रदेशांत मात्र अठराव्या शतकापर्यंत मुलांच्या जन्मदिवसाचा सोहळा चांगलाच रुळला होता. वयाच्या वर्षांइतक्या मेणबत्त्या केकवर लावण्याची रीत तेथलीच. १७४६ मध्ये काउंट झिंझेनडॉर्फ यांच्या वाढदिवशी असा मेणबत्त्यांचा केक झाल्याचा वृत्तांत उपलब्ध आहे. महाकवी गटे १८०१ च्या ऑगस्टमध्ये गोथा येथे राजपुत्र ऑगस्ट यांच्याकडे पाहुणे होते. त्यांच्या बावन्नाव्या वाढदिवशी सुमारे पन्नास मेणबत्त्या पेटविलेला केक सेवकांनी मिरवीत आणला. त्या मेणबत्त्या दाटीमुळे वितळू लागल्या. मुलांच्या अशा सोहळ्यांत पुढील वर्षांच्या मेणबत्त्यांसाठी जागा शिल्लक असते, येथे मात्र ती उरली नव्हती, अशा आशयाची नोंद गटे यांनी गमतीने करून ठेवली आहे. ही रीत मूळची मुलांची होती आणि मोठ्यांनी ती उसनी घेतली, हे या नोंदीवरून दिसते.

आपल्याकडील रीत निराळ्या मुळातून आली. जुन्या घरांत तिथीने होणाऱ्या वर्धापनविधीत अश्वत्थामा, बली, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम या सात चिरंजीवांबरोबर मार्कंडेयाचे पूजन करतात आणि तीळ व गूळ घातलेले दूध प्राशन करतात. मार्कंडेय म्हणजे अवघे सोळा वर्षांचे आयुष्य घेऊन जन्मलेला आणि भक्तीच्या बळावर मृत्यूला परतवून लावणारा मुलगा. म्हणजे मराठी घरातील वाढदिवसाच्या मुळाशीही एका मुलाचीच गोष्ट आहे. ज्योत विझवावयाची की ओवाळावयाची, याविषयी आजही वाद झडतात. पण दीप, गोड घास आणि वाढत्या वयाचे कौतुक या तीन गोष्टी दोन्हीकडे समान आहेत. आणि आपल्याकडे त्यांच्या जोडीला गोष्ट पूर्वीपासून होती.

आता चित्रपुस्तकाकडे वळू. मुलांसाठी मुद्दाम चित्रे घालून केलेल्या पुस्तकांत कोमेनियस या थोर शिक्षणतज्ज्ञाच्या ग्रंथाला अग्रपूजेचा मान दिला जातो. तो १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे निघाला. जगातील वस्तू चित्रांत दाखवून त्यांची नावे लॅटिन आणि जर्मन भाषांत द्यावयाची, ही त्याची योजना. तो ग्रंथ होता शिक्षणासाठी. मुलांच्या करमणुकीकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहणारा माणूस १७४४ मध्ये लंडनमध्ये पुढे आला. त्याचे नाव जॉन न्यूबेरी. त्याने मुलांसाठी खिशात मावेल असे एक सुबक पुस्तक काढले आणि त्याची किंमत सहा पेन्स ठेवली. आणखी दोन पेन्स दिले की मुलासाठी चेंडू किंवा मुलीसाठी टाचण्या खोचण्याची गादी पुस्तकासोबत मिळे. पुस्तकाबरोबर खेळणे विकण्याची युक्ती आजच्या बाजाराने शोधून काढली, असा ज्यांचा समज असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे. बालपुस्तक आणि बाजार हे जवळजवळ एकाच पाळण्यात वाढले.

तथापि ज्या पुस्तकांनी मुलांची मने पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवली, त्यांच्या जन्मकथा बाजारात सुरू होत नाहीत. १८४४ च्या नाताळात फ्रँकफुर्ट येथील डॉक्टर हाइन्रिख हॉफमन आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रपुस्तक आणावयास बाहेर पडले. दुकानांत मिळाली ती सारी लांबलचक उपदेशाची पुस्तके. शेवटी ते एक कोरी वही घेऊन घरी आले. तिच्यात त्यांनी स्वतः चित्रे काढली, पद्ये लिहिली आणि ती वही मुलाला दिली. आजारी मुले रडू लागली की कागदावर पटकन एखादे चित्र काढून त्यांना शांत करावयाची या डॉक्टरांची सवय होती. ती येथे उपयोगी पडली. मित्रांच्या आग्रहामुळे पुढल्याच वर्षी ती वही छापली गेली. त्यातील नखे-केस न कापणारा पेटर जर्मनीतील घराघरांत जाऊन पोहोचला. त्या गोष्टींतील शिक्षा आज कठोर वाटतात. परंतु एका मुलासाठी एका बापाने खर्ची घातलेला वेळ हे त्या पुस्तकाचे मूळ भांडवल होते, यात शंका नाही.

वाढदिवस आणि चित्रपुस्तक यांची प्रत्यक्ष गाठ पडली ती १८८० मध्ये. लंडनचे मुद्रक एडमंड इव्हान्स हे लाकडी ठशांवरून रंगीत छपाई करण्यात निष्णात होते. केट ग्रीनवे या तरुण चित्रकर्तीच्या पहिल्या पुस्तकाच्या त्यांनी १८७९ मध्ये एकदम वीस हजार प्रती छापल्या. हा वेडेपणा आहे असे प्रकाशकांना वाटले. पण प्रती पाहता पाहता संपल्या. दुसऱ्याच वर्षी ग्रीनवे यांचे मुलांच्या वाढदिवसांचे पुस्तक निघाले. वर्षातील प्रत्येक दिवसासाठी एक चिमुकले चित्र, मिसेस सेल बार्कर यांच्या चार ओळी आणि शेजारी कोरी जागा, अशी त्याची मांडणी होती. कोरी जागा कशासाठी, तर त्या दिवशी ज्यांचा वाढदिवस असेल त्यांची नावे लिहिण्यासाठी. भावंडे, मित्र, मावश्या, आत्या यांची नावे पडत पडत वर्षभरात ते पुस्तक त्या घरचे होऊन जाई. ग्रीनवे यांच्या चित्रांतील मुलामुलींचे जुन्या धाटणीचे झगे, टोप्या आणि कमरबंद लोकांच्या इतके मनात भरले की आया आपल्या मुलांना तसेच पोशाख शिवू लागल्या आणि लंडनच्या प्रसिद्ध दुकानांतूनही ते विकले जाऊ लागले. पुस्तकातील पात्राचा वेष मुलाला चढविण्याची हौस, तीही येथूनच मोठ्या प्रमाणावर दिसू लागते.

या चिमुकल्या पुस्तकाचा एक धागा फार दूरवर गेला. १८८१ मध्ये स्कॉटलंडमध्ये राहत असताना रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी ते चाळले आणि अशी पद्ये आपणही लिहून पाहावीत असे त्यांच्या मनात आले. त्यातून त्यांचा प्रसिद्ध बालगीतसंग्रह १८८५ मध्ये बाहेर पडला. पुढे प्रकृतीसाठी ते सामोआ बेटावर जाऊन राहिले. तेथील एका अमेरिकन अधिकाऱ्याची मुलगी ॲनी आइड ही नेमकी नाताळच्या दिवशी जन्मलेली. तिच्या वाढदिवसाचा आनंद सणाच्या गर्दीत बुडून जाई. हे कळल्यावर स्टीव्हन्सन यांनी १८९१ च्या जूनमध्ये वकिली थाटात रीतसर दानपत्र लिहून १३ नोव्हेंबर हा स्वतःचा वाढदिवस तिला देऊन टाकला. चांगली वस्त्रे ल्यावीत, चांगले भोजन करावे, भेटी आणि कविता स्वीकाराव्यात, अशा अटीही त्यात घातल्या. अटी न पाळल्यास हा दिवस अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे जाईल, असेही बजाविले! ज्या मुलीला आपला म्हणावा असा दिवस नव्हता, तिला तो मिळवून देण्यासाठी एका विख्यात लेखकाने एवढा खटाटोप केला. वाढदिवसाच्या साऱ्या थाटामागे मुलाची ही एकच साधी मागणी असते.

बीअट्रिक्स पॉटर यांच्या सशाची कथा याच जातीची आहे. आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा नोएल अंथरुणाला खिळला आहे हे कळताच त्यांनी ४ सप्टेंबर १८९३ रोजी त्याला एक सचित्र पत्र लिहिले. त्यात चार सशांची गोष्ट होती. सात-आठ वर्षांनी त्या पत्राचे पुस्तक करावे असे ठरले, तेव्हा पॉटर यांनी ते नोएलकडून परत मागविले; त्याने ते जपून ठेवले होते. अनेक प्रकाशकांनी पुस्तक नाकारले. म्हणून डिसेंबर १९०१ मध्ये त्यांनी पदरमोड करून २५० प्रती छापल्या. १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या संस्थेने ते रंगीत चित्रांसह काढले. पुस्तकाचा आकार लहान मुलाच्या हातात मावेल इतकाच असावा, याविषयी लेखिका आग्रही होत्या. विशेष हे की १९०३ मध्ये त्या सशाची बाहुली त्यांनी स्वतःच तयार केली आणि तिची अधिकृत नोंदणीही केली. तेव्हा पुस्तकातील पात्राची बाहुली किंवा तसबीर दिसली की नाक मुरडण्याचे कारण नाही. पात्र आवडले की ते हातात घ्यावेसे वाटणे, हा मुलांचा स्वभावच आहे.

वाढदिवसाची खरीखुरी भेट म्हणून जन्मलेले पुस्तक पाहावयाचे तर स्वीडनमध्ये जावे लागेल. १९४१ मध्ये आस्ट्रिड लिंडग्रेन यांची मुलगी कारिन आजारी होती. तिने आईजवळ गोष्टीचा हट्ट धरला आणि गोष्टीतील मुलीचे नावही स्वतःच सुचविले : पिपी. १९४४ च्या मार्चमध्ये बर्फावरून पाय घसरून आई अंथरुणात पडली, तेव्हा तिने त्या गोष्टी लिहून काढल्या. २१ मे रोजी कारिनच्या दहाव्या वाढदिवशी ती हस्तलिखित प्रत तिच्या हातात दिली. एका प्रकाशकाने नाकारलेले हे लेखन १९४५ मध्ये इंग्रिड वांग न्यूमान यांच्या रेखाचित्रांसह प्रसिद्ध झाले. ते काटेकोर अर्थाने चित्रपुस्तक नव्हे, सचित्र कथापुस्तक आहे. पण त्याचे शेवटचे प्रकरण येथे स्मरण्याजोगे आहे. त्यात पिपी आपला वाढदिवस साजरा करते आणि आलेल्या पाहुण्यांनाच भेटी देते. पाहुण्या मुलांना रिकाम्या हाताने न पाठविण्याची आजची रीत त्या प्रसंगात किती आनंदाने रंगली आहे!

या इतिहासाला एक काळी कडाही आहे. लेखक ए. ए. मिल्न यांच्या मुलाला, ख्रिस्तोफर रॉबिनला, १९२१ मध्ये पहिल्या वाढदिवशी एक खेळण्यातले अस्वल मिळाले. त्या अस्वलावरून बापाने लिहिलेले आणि ई. एच. शेपर्ड यांनी चित्रांनी नटविलेले पुस्तक १९२६ मध्ये निघाले आणि जगभर पसरले. मुलाचे खरे नाव पुस्तकात तसेच राहिले होते. शाळेत सोबत्यांनी त्यावरून त्याला छळले. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्याने त्या कीर्तीचा भार किती जड झाला होता, हे संयमाने पण स्पष्टपणे सांगितले आहे. मुलाचा आनंद पाहता पाहता मोठ्यांच्या मिरवणुकीचा विषय होऊ शकतो. आज समारंभाचा निम्मा वेळ मुलाला छायाचित्रांसाठी उभे करण्यात जातो, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

मराठीत हा प्रवाह कसा वाहिला? सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या इसपनीतिकथा १८२८ मध्ये छापल्या गेल्या; विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू केले. मजकूर होता, वाचकही होते. परंतु रंगीत छपाईचा खर्च मोठा, त्यामुळे चित्रांना पुष्कळ काळ दुय्यम स्थान राहिले. गोष्ट चित्रांतून सांगण्याची कला मात्र आपल्याला अपरिचित नव्हती. गोव्याच्या सीमेजवळ, कुडाळनजीकच्या पिंगुळी गावात ठाकर समाजातील चित्रकथी रामायण-महाभारतातील आख्याने रंगविलेल्या पानांवरून सांगत आले आहेत. सुट्या पानांच्या जुडग्याला ते पोथी म्हणतात. एकेक पान समोर धरावयाचे आणि वाद्याच्या साथीवर कथा गावयाची. पान मुके असते. त्याला वाचा देतो तो माणूस. चित्रपुस्तकाचे सारे मर्म पिंगुळीच्या या रीतीत आहे. चार वर्षांच्या मुलाला अक्षर येत नसते. चित्र तो वाचतो आणि शब्द त्याला कोणीतरी द्यावे लागतात.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी घरांत या गोष्टीचे मोल अधिकच आहे. बेळगावात मूल अंगणात कन्नड ऐकते, बडोद्यात गुजराती, इंदूर-ग्वाल्हेरात हिंदी, आणि शाळा तर बहुधा इंग्रजी. मराठी त्याच्या कानावर पडते ती आजीच्या आणि आईच्या तोंडून. अशा घरात मराठी पुस्तक प्रवेश करण्याचा वर्षातील हक्काचा दिवस म्हणजे वाढदिवस. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले आणि पेट्यांतून पुस्तके गावोगावी फिरविली. पुस्तकानेच माणसाच्या दारी जावयाचे, हा त्यामागील विचार होता. प्रत्येक वाढदिवस म्हणजे अशी एक छोटी फिरती पेटी होऊ शकतो.

साधनेही आता दुर्मिळ नाहीत. १९५७ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी व्यंगचित्रकार शंकर यांनी चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची स्थापना केली आणि नॅशनल बुक ट्रस्टही त्याच वर्षीची. ज्यांचा जन्मदिवस देशभर बालदिन म्हणून पाळला जातो त्या पंडित नेहरूंच्या नावाची बालपुस्तकमाला नॅशनल बुक ट्रस्टने चालविली. तीत तीच चित्रे आणि तीच गोष्ट अनेक भारतीय भाषांतून निघते. २००४ मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्सनेही हाच मार्ग धरला. सीमाभागातील समारंभाला ही सोय फार उपकारक आहे. यजमान मुलाला मराठी प्रत, शेजारच्या मित्राला कन्नड प्रत. चित्रे दोघांची एकच. वडील मंडळींचे भाषेचे वाद काहीही असोत, दोन मुले एकाच चित्रावर बोट ठेवून आपापल्या भाषेत हसू शकतात.

मग समारंभ बेतावा कसा? पुस्तक मुलानेच निवडावे. जे शंभरदा वाचून घेतले आणि ज्याची पाने दुमडली आहेत तेच त्याचे आवडते, मग ते पाहुण्यांना दाखविण्याजोगे सुबक असो वा नसो. बाकीची तरतूद पुस्तकच सांगते. १९६९ मध्ये निघालेल्या कार्ल यांच्या सुरवंटाचेच पाहा : सोमवारी एक फळ, मंगळवारी दोन, असे करीत शुक्रवारी पाच. एवढ्यात वारही आले, अंकही आले आणि फराळाचे ताटही आले. स्ट्रॉबेरी न मिळाल्यास बोरे चालतील. चिकू, केळी, पेरू चालतील. शनिवारी नाना पदार्थ खाऊन सुरवंटाचे पोट दुखते आणि रविवारी एका हिरव्या पानाने त्याला बरे वाटते. केकचा तिसरा तुकडा मागणाऱ्या पाहुण्यासाठी याहून सौम्य सूचना कोणती? पताका घरीच कापाव्यात, मुलांकडूनच रंगवून घ्याव्यात. वाकड्या झाल्या तर उत्तमच.

परंतु कार्यक्रमाचा गाभा म्हणून वीस मिनिटे राखून ठेवावीत. फराळाआधी, मुले दमण्यापूर्वी, सतरंजीवर सर्वांना जवळ बसवावे आणि घरातील ज्याचा आवाज मुलाच्या ओळखीचा असेल त्याने ते पुस्तक मोठ्याने वाचावे. पान उलटण्याचा मान त्या दिवशी ज्याचा वाढदिवस त्याचा. कोणी मध्ये प्रश्न विचारील, कोणी पुढची गोष्ट आधीच सांगून टाकील; त्यांना थांबवू नये. हॉफमन यांची वही, पॉटर यांचे पत्र आणि लिंडग्रेन यांचे हस्तलिखित यांत जे एका मुलाला मिळाले तेच या वीस मिनिटांत मिळते, आणि त्यासाठी चित्रे काढता आली पाहिजेत असेही नाही. एवढे झाले तर भिंतीवरचा सुरवंट, केक आणि पिशव्या या साऱ्यांना अर्थ येतो. आणि खर्च झेपणारा नसेल तर त्या नसल्या तरी वाढदिवस उणा राहत नाही.

शेवटी, औक्षण आटोपल्यावर त्या पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर मुलाचे नाव, तिथी आणि तारीख लिहावी आणि त्याखाली आलेल्या प्रत्येक सवंगड्याकडून त्याच्या त्याच्या लिपीत नाव लिहवून घ्यावे. ज्याला अजून लिहिता येत नाही त्याने बोटाचा ठसा उमटवावा. केट ग्रीनवे यांनी आपल्या वाढदिवसाच्या पुस्तकात नावांसाठी कोरी जागा सोडली होती, ती अशाच उपयोगासाठी. पुढे कधीतरी ते मूल मोठे होऊन गाव सोडील. कपाट आवरताना ते पुस्तक कोणाच्या तरी हाती लागेल. फुगे तेव्हा कोणाच्याच स्मरणात नसतील. पण त्या पानावर मराठी, कन्नड, हिंदी, गुजराती अक्षरांत वाकडीतिकडी आठ-दहा नावे असतील, आणि वाचणाऱ्याचा आवाज आठवेल.